संतांची मध्यस्थी आणि संत जॉन हेन्री न्यूमन



लितानी म्हणताना आपण एकेका संताचे नाव घेतो आणि त्यांनी आपल्यासाठी देवाकडे विनंती करावी असे मागतो. घरात आजारपण आले, मुलांची परीक्षा असली, कोणी परदेशी निघाले की जपमाळेकडे आपला हात आपोआप जातो. पण कधी कधी एखादा शेजारी किंवा नातेवाईक आपल्याला विचारतो, की प्रभू येशू हाच एकमेव मध्यस्थ आहे असे संत पौलाने तीमथ्याला लिहिले असताना, मरण पावलेल्या माणसांना हाका कशाला मारायच्या? अशा वेळी आपण गप्प बसतो किंवा रागावतो. खरे पाहता हा प्रश्न प्रामाणिक असू शकतो. ज्या माणसाने तो अनेक वर्षे प्रामाणिकपणे मनात बाळगला, त्या संत जॉन हेन्री न्यूमन यांचे चरित्र आज आपण पाहू या.

न्यूमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडनमध्ये झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील बँकेच्या व्यवसायात होते. घराणे अँग्लिकन, आणि बायबल वाचण्याची गोडी जॉनला लहानपणापासूनच लागली. १८१६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, देवाने आपल्याला स्पर्श केला असा खोल अनुभव त्यांना आला. आपण आणि आपला निर्माणकर्ता यांच्यामध्ये दुसरे कोणी नाही, ही जाणीव त्यांच्या मनात तेव्हा पक्की झाली. त्याच काळात वाचलेल्या पुस्तकांमुळे पोप म्हणजे ख्रिस्तविरोधक हा समजही त्यांच्या डोक्यात बसला. तो जायला पुष्कळ वर्षे लागली.

पुढे ते ऑक्सफर्डला शिकले, १८२२ साली तेथील ओरिएल कॉलेजचे फेलो झाले आणि १८२५ साली अँग्लिकन धर्मगुरू झाले. १८२८ साली विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांची प्रवचने ऐकायला विद्यार्थी गर्दी करीत. त्याच वर्षी जानेवारीत त्यांची सर्वांत धाकटी बहीण मेरी अवघ्या १९ व्या वर्षी अचानक वारली. हा घाव त्यांच्या फार जिव्हारी लागला. नंतरच्या महिन्यांत घोड्यावरून रानावनातून जाताना प्रत्येक झाडात, प्रत्येक टेकडीमागे ती दडलेली आहे असे त्यांना वाटे. आपले मृत आपल्यापासून फार लांब गेलेले नसतात, हे त्यांच्या हृदयाला तेव्हाच कळले होते. पण त्यांना हाक मारावी काय, याला त्यांचे मन तयार नव्हते.

१८३३ साली ते रोमला गेले. त्या शहराने त्यांना भारावून टाकले, पण तेथील कॅथोलिक उपासना त्यांना मूर्तिपूजेसारखी वाटली. परतीच्या प्रवासात सिसिली बेटावर ते तापाने मरणाच्या दारी पोहोचले. त्यातून उठल्यावर बोटीवर त्यांनी जे गीत रचले, ते ‘लीड काइंडली लाइट’ या नावाने जगभर गायले जाते. महात्मा गांधींनाही ते फार प्रिय होते.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी मित्रांसह अँग्लिकन ख्रिस्तसभेच्या नूतनीकरणाची चळवळ सुरू केली. तीच ‘ऑक्सफर्ड चळवळ’. त्यासाठी त्यांनी पहिल्या शतकांतील धर्माचार्यांचे ग्रंथ कसून वाचले. तेथे रक्तसाक्षींचा सन्मान होता, मृतांसाठी प्रार्थना होती. १८४१ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली. अँग्लिकन श्रद्धेच्या नियमांनी संतांच्या धाव्यातील गैरप्रकार निषिद्ध ठरवले आहेत, सर्वच प्रकार नव्हे, असे त्यांनी तिच्यात मांडले. तिच्यावरून मोठे वादळ उठले. त्यांच्या बिशपांनी या पुस्तिकांची मालिकाच थांबवायला सांगितली.

न्यूमन ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोर या खेड्यात राहायला गेले. तेथे ते व त्यांचे सोबती कॅथोलिक धर्मगुरूंची दैनिक प्रार्थना म्हणत, पण संतांना थेट हाक मारण्याचे शब्द मात्र ते म्हणत नसत. रोमच्या ख्रिस्तसभेकडे त्यांचे पाऊल वळत होते आणि याच ठिकाणी अडखळत होते. त्यांचा अडसर अहंकाराचा नव्हता. मरिया आणि संत यांना दिलेला मान एकट्या देवाच्या गौरवातून वजा तर होत नाही ना, ही त्यांची भीती होती. देवावरील प्रेमातूनच ती आलेली होती, म्हणून आपण तिला हसू नये.

ही भीती वादविवादाने गेली नाही. आयर्लंडमधील मेनूथ येथील डॉ. रसेल या कॅथोलिक धर्मगुरूंनी त्यांना शांतपणे काही पुस्तके पाठवली. संत आल्फोन्स लिगोरी यांची प्रवचने आणि साध्या लोकांच्या हातातील स्वस्त प्रार्थनापुस्तके न्यूमन यांनी वाचली. आपण कल्पिले होते त्यापेक्षा तेथे काही वेगळेच आहे, हे त्यांना दिसले. संत इग्नाती यांच्या आध्यात्मिक साधनेनेही त्यांचे डोळे उघडले. आत्मा आणि देव यांच्या भेटीच्या वेळी ख्रिस्तसभा कोणालाही मध्ये उभे करीत नाही, प्रतिमेला नाही, संताला नाही, खुद्द पवित्र मरियेलाही नाही, हे त्यांना उमगले. पंधराव्या वर्षी जी जाणीव त्यांना मिळाली होती, ती सोडावी लागणार नव्हती. संत आपली वाट अडवत नाहीत, आपल्या शेजारी गुडघे टेकतात.

८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्री फादर डॉमिनिक बार्बेरी हे इटालियन पॅशनिस्ट धर्मगुरू पावसात चिंब भिजून लिटलमोरला पोहोचले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑक्टोबरला, न्यूमन यांचा कॅथोलिक ख्रिस्तसभेत स्वीकार झाला. याची किंमत मोठी होती. ऑक्सफर्ड सुटले, मित्र दुरावले, बहीण हॅरिएट हिने तर नातेच तोडले. त्यानंतर १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, त्यांना दृढीकरण संस्कार मिळाला. त्या वेळी त्यांनी मरिया हे नाव घेतले. ज्या मातेला हाक मारायला ते कचरत होते, तिचेच नाव त्यांनी स्वतःला लावले.

१८४७ साली रोममध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १८४८ साली त्यांनी संत फिलिप नेरी यांची ओरेटरी इंग्लंडमध्ये स्थापन केली. बर्मिंगहॅमच्या गोरगरिबांत त्यांनी उरलेले आयुष्य घालवले. १८६५ साली त्यांचे जुने मित्र डॉ. पुसी यांनी मरियाभक्तीवर टीका केली, तेव्हा न्यूमन यांनी त्यांना सविस्तर जाहीर पत्र लिहिले. काही लेखकांचे अतिरेकी शब्द आपल्यालाही रुचत नाहीत, हे त्यांनी लपवले नाही. पण एकमेकांसाठी प्रार्थना करणे हा ख्रिस्तसभेच्या जीवनाचा पायाच आहे, असे त्यांनी समजावले. चौथ्या शतकातील संत ग्रेगरी नाझियान्झेन यांनी जस्टिना या कुमारीविषयी लिहिले आहे. तिने संकटात पवित्र मरियेचा धावा केला होता. न्यूमन यांनी या दाखल्याची आठवण दिली. त्याच वर्षी त्यांनी ‘ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’ हे काव्य लिहिले. त्यात मरणाऱ्या माणसाच्या बिछान्याभोवती त्याचे मित्र संतांची लितानी म्हणतात. आपल्या घरांतही असेच घडते, नाही का?

१८७९ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना कार्डिनल केले. त्यांच्या खासगी चॅपेलच्या भिंतीवर मित्रांची चित्रे व छायाचित्रे लावलेली असत. मिस्सा करताना ते त्यांच्यासाठी प्रार्थना करीत. कोणीतरी त्यांना संत म्हटले, तेव्हा आपल्यात तसे काही नाही, स्वर्गात संतांच्या बुटांना पॉलिश करायला मिळाले तरी पुरे, असे त्यांनी विनोदाने कळवले होते. ११ ऑगस्ट १८९० रोजी, ८९ व्या वर्षी, ते प्रभूकडे गेले.

पण देवाची योजना वेगळी होती. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बेजार झालेल्या अमेरिकेतील एका गृहस्थांनी न्यूमन यांची मध्यस्थी मागितली आणि ते बरे झाले. १९ सप्टेंबर २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी बर्मिंगहॅम येथे न्यूमन यांना धन्यवादित घोषित केले. २०१३ साली अमेरिकेतच गरोदरपणात रक्तस्राव होत असलेल्या एका मातेने त्यांना हाक मारली. तीही वाचली आणि तिचे बाळही वाचले. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्याच समारंभात केरळच्या मदर मरियम थ्रेसिया यांनाही संतपद मिळाले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी, पुन्हा सर्व संतांच्या सणालाच, पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित घोषित केले.

बंधुभगिनींनो, आपण आजारी पडलो की शेजाऱ्याला सांगतो, माझ्यासाठी प्रार्थना करा. त्यामुळे प्रभू येशूचे मध्यस्थपण कमी होत नाही. ज्या पत्रात संत पौल एकमेव मध्यस्थाविषयी सांगतो, त्याच अध्यायात तो सर्व माणसांसाठी विनवण्या करायलाही सांगतो. ख्रिस्तात मरण पावलेले मेलेले नाहीत, ते त्याच्याजवळ जिवंत आहेत. मग मरणाने त्यांची प्रार्थना का थांबावी? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली शिकवले ते हेच, की संतांना विनवणी करणे चांगले व हिताचे आहे आणि सर्व कृपा येशू ख्रिस्ताद्वारे देवाकडूनच मिळते.

मात्र न्यूमन यांची भीतीही आपण थोडी जपून ठेवावी, असे आम्हांला वाटते. संताला नवस बोलून मिस्सा चुकवणारा, मेणबत्ती लावून शेजाऱ्याशी वैर धरणारा, संतांचा मान राखत नाही. क्रुसावर प्राण देणारे वसईचे संत गोन्सालो गार्सिया असोत किंवा देवमाता मरिया असो, सर्व जण आपल्याला एकाच प्रभूकडे नेतात. या आठवड्यात लितानी म्हणताना प्रत्येक नाव सावकाश घ्या आणि त्या संताबरोबर प्रभूकडे पाहा. पुढच्या वेळी कोणी तो प्रश्न विचारला, तर त्याच्यावर रागावू नका. डॉ. रसेल यांच्यासारखे शांतपणे उत्तर द्या आणि त्याच्यासाठी संत न्यूमन यांच्याकडे प्रार्थना मागा.