एकाम्र निवासातील चर्चासत्रे: डॉ. अल्लाडी रामकृष्णन

अतिवेगवान इलेक्ट्रॉन शिशाच्या जाड पत्र्यातून जाताना आपली ऊर्जा किती त्वरेने गमावतो, या प्रश्नाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक भौतिकशास्त्रज्ञांना गुंतवून ठेवले होते. त्यातील एक अवघड भाग गणिताने सुटू शकतो, हे दाखविणाऱ्यांत तत्कालीन मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे, डॉ. अल्लाडी रामकृष्णन होते.

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १९२३ रोजी झाला. वडील अल्लाडी कृष्णस्वामी अय्यर हे ख्यातनाम विधिज्ञ आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे सदस्य. पुत्रानेही वकिली पत्करली असती तर कोणास नवल वाटले नसते. परंतु १९४३ मध्ये मद्रास येथे होमी भाभा यांचे मेसॉन कणांवरील व्याख्यान त्यांनी ऐकले आणि त्यांचा ओढा भौतिकशास्त्राकडे वळला. १९४७ मध्ये ते भाभा यांच्याकडे संशोधनासाठी दाखल झाले.

शिशाच्या अणुकेंद्रकाजवळून जाणारा इलेक्ट्रॉन प्रकाशकण उत्सर्जित करतो. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉनची जोडी जन्मास येते आणि तेही पुन्हा प्रकाशकण सोडतात. सुमारे साडेपाच मिलिमीटर शिसे ओलांडेपर्यंत मूळ इलेक्ट्रॉनची ऊर्जा सरासरी ३७ टक्क्यांवर येते. त्याच्या मागे मात्र कणांचा वर्षाव सुरू झालेला असतो. या वर्षावातील कणांच्या सरासरी संख्येचे गणित भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडले होते. अमेरिकेत कार्लसन व ओपेनहायमर यांनीही त्याच वर्षी ते स्वतंत्रपणे केले.

प्रश्न उरला तो सरासरीपासून होणाऱ्या विचलनाचा. समान ऊर्जेचे दोन इलेक्ट्रॉन एकसारख्या पत्र्यांतून गेले तरी बाहेर पडणाऱ्या कणांची संख्या सारखी नसते. शिवाय हे कण एकाच कुळातील असल्याने त्यांना परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाही आणि संभाव्यतेची नेहमीची सूत्रे लागू पडत नाहीत. एक कण अमुक ऊर्जेचा आणि त्याच वेळी दुसरा तमुक ऊर्जेचा असण्याची संयुक्त संभाव्यता मांडणारी पद्धत रामकृष्णन यांनी विकसित केली व १९५० मध्ये प्रसिद्ध केली. मँचेस्टर येथे बार्टलेट यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून ते मद्रास विद्यापीठात रुजू झाले.

१९५७-५८ मध्ये प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत त्यांनी वास्तव्य केले. तेथील संचालक होते तेच ओपेनहायमर. परतल्यावर मद्रासमध्येही तशी संस्था असावी, या विचाराने त्यांना पछाडले. पाठीशी ना इमारत होती, ना अनुदान. मैलापूर येथील 'एकाम्र निवास' या पैतृक घरीच त्यांनी विद्यार्थ्यांसाठी चर्चासत्रे सुरू केली.

जानेवारी १९६० मध्ये नील्स बोर मद्रासला आले. घन पदार्थातून जाताना विद्युतभारित कण कसे मंदावतात, याचे गणिती विवेचन बोर यांनीच १९१३ मध्ये केले होते, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. घरात जमणाऱ्या या छोट्या गटाची त्यांनी वृत्तपत्रांजवळ प्रशंसा केली आणि ती पंतप्रधान नेहरूंच्या कानी गेली. राज्याचे मंत्री सी. सुब्रमण्यम यांनी पुढाकार घेतला. ऑक्टोबर १९६१ मध्ये राजभवनात नेहरू रामकृष्णन यांना व त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटले.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३ जानेवारी १९६२ रोजी, प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या उपस्थितीत गणितीय विज्ञान संस्थेचे, 'मॅटसायन्स'चे, उद्घाटन झाले. रामकृष्णन १९८३ पर्यंत तिचे संचालक होते. ७ जून २००८ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात त्यांचे निधन झाले.