सुभेदारपुत्र आणि देशाची तिजोरी
बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत जन्मले. पिता सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. सैन्याविषयी बाबासाहेबांना आकस नव्हता, हे आम्ही आधीच नमूद करतो. प्रश्न करदात्याच्या पैशाचा होता. १९२७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी दाखवून दिले की, सरकार शिक्षणावर दरडोई अवघे १४ आणे खर्चते आणि अबकारीतून दोन रुपयांहून अधिक वसूल करते.

१९५१ चा राजीनामा म्हटला की आम्हांस हिंदू कोड बिल तेवढे आठवते. त्याच निवेदनात त्यांनी वार्षिक ३५० कोटी महसुलापैकी सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, हेही मांडले. संकटात धावून येईल असा मित्र परराष्ट्र धोरणाने जोडला नाही, हे त्यांचे निदान. बाकी साऱ्या कामांना उरत होते १७० कोटी.