विश्लेषण : ले मान्सच्या मोटारींच्या प्रतिकृती १:४३ मापात का? काय आहे फ्रँक हॉर्नबी यांचा वाटा?

नांदेड-लातूरच्या संग्राहकाने ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीतील मोटारीची प्रतिकृती ऑनलाइन मागवली, तर खोक्यावर अनेकदा १:४३ लिहिलेले असते. म्हणजे पाच मीटरची मोटार सुमारे साडेअकरा सेंटिमीटरची. या मापाचे मूळ खेळण्यातल्या रेल्वेत आहे.

हॉर्नबी कोण होते?

जन्म १५ मे १८६३, लिव्हरपूल. मांस आयात करणाऱ्या पेढीत ते नोकरीला होते. अभियांत्रिकीचे शिक्षण नव्हते. मुलांसाठी त्यांनी पत्र्याच्या पट्ट्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडून नटबोल्टने जोडायचे खेळणे बनवले. मालक डेव्हिड एलियट यांच्याकडून पाच पौंड उसने घेऊन १९०१ मध्ये पेटंट मिळवले. हेच पुढे ‘मेकॅनो’ झाले.

रेल्वेतून मोटारी कशा आल्या?

१९२० मध्ये हॉर्नबी रेल्वे आली. तिच्या ‘ओ’ गेजचे ब्रिटिश माप फुटाला सात मिलिमीटर, म्हणजे १:४३.५. रेल्वेच्या मांडणीत ठेवायला छोट्या मोटारी निघाल्या. १९३४ पासून त्या ‘डिंकी टॉईज’ म्हणून विकल्या गेल्या. मोटारींसाठी १:४३ रूढ झाले.

जुनी प्रतिकृती घेताना काय पाहावे?

डायकास्टमध्ये जस्ताचा वितळलेला मिश्रधातू दाबाने साच्यात भरतात. त्यात शिशाची भेसळ झाली, की वर्षांनंतर धातू फुगतो, तडकतो. युद्धपूर्व डिंकीच्या अनेक मोटारींचा असाच भुगा झाला. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी चाके आणि तळ तपासावा.

१९३१ ते १९३५ खासदार राहिलेले हॉर्नबी २१ सप्टेंबर १९३६ रोजी वारले. माप मात्र टिकले.