रक्तकर्करोगावरील औषधाचे शिल्पकार डॉ. सुब्बाराव

डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ मध्ये भीमावरम येथे झाला. चेन्नईतील जॉर्ज टाउननजीकच्या मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात खादी परिधान केल्याने इंग्रज प्राध्यापकाचा रोष ओढवला आणि त्यांना एमबीबीएसऐवजी दुय्यम पात्रता मिळाली. १९२३ मध्ये ते अमेरिकेला गेले.

अस्थिमज्जेतील मूलपेशींना ठरावीक काम नसते. त्यांच्यापासूनच प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या व रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घडतात. रक्तकर्करोगात ही घडण अर्धवट राहून अपक्व पेशी बेसुमार वाढतात. या वाढीस आवश्यक फोलिक आम्लाचे कार्य रोखणारे अमिनोप्टेरिन सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले. १९४७ मध्ये बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते रुग्ण बालकांना देण्यास प्रारंभ केला. अनेकांचा आजार तात्पुरता ओसरला. १९४८ मध्ये सुब्बाराव यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. त्याच वर्गातील मेथोट्रेक्सेट आजही वापरले जाते.