पोस्टातले हेन्के आणि पाचवा लघुग्रह

आकाश पाहण्याचा छंद असणारे आपल्या मंडळातही आहेत. पण हाती काहीच लागत नसताना पंधरा वर्षे तेच आकाश तपासत बसणारा माणूस विरळा. कार्ल लुडविग हेन्के हे तसे गृहस्थ होते.

त्यांचा जन्म १७९३ चा, प्रशियातील ड्रीझन या लहान गावचा. आज ते पोलंडमध्ये आहे. तरुणपणी नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वेच्छेने गेले, ल्युत्झेनच्या लढाईत जखमी झाले आणि पुढे पोस्टात नोकरीला लागले.

१८३० च्या सुमारास त्यांनी लघुग्रह शोधायला घेतले. १८०१ ते १८०७ या काळात सेरेस, पॅलस, जुनो आणि वेस्टा सापडले होते. नंतर एकही नाही. खुद्द वेस्टा शोधणाऱ्या ओल्बर्स यांनीही शोध सोडून दिला होता.

काम मोठे किचकट. दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. ओळखायचा तो केवळ जागा बदलतो म्हणून. छायाचित्रांची सोय नव्हती. तेव्हा अंधुक ताऱ्यांसकट नकाशे हाताने काढायचे आणि पुन्हापुन्हा आकाशाशी ताडून पाहायचे. एखादा तारा टिपायचा राहिला, तर तोच पुढे नवा ग्रह म्हणून फसवणार! पत्रांवरचे पत्ते तपासण्याची सवय इथे कामी आली असावी, असे आम्हाला आपले वाटते.

८ डिसेंबर १८४५ च्या रात्री वृषभ राशीत नकाशात नसलेला ठिपका दिसला. बर्लिन वेधशाळेला कळवताच काही दिवसांत खात्री पटली. तिथले प्रमुख एन्के (नावांतल्या साम्याने गोंधळू नये) यांनी हेन्केंच्या विनंतीवरून नाव ठेवले अ‍ॅस्ट्रिया. ३८ वर्षांनी पाचवा लघुग्रह मिळाला होता!

हेन्के तेव्हा ५२ वर्षांचे होते. दुसरा कोणी इथेच थांबला असता. त्यांनी १ जुलै १८४७ रोजी हीबीही शोधला. त्याच वर्षी लंडनमध्ये हाइंड यांना आयरिस आणि फ्लोरा सापडले. १८६१ मध्ये तर आपल्या मद्रासच्या वेधशाळेतून पॉग्सन यांनी ‘एशिया’ शोधला.

प्रशियाच्या राजाने हेन्केंना सुवर्णपदक आणि वार्षिक तनखा दिला. सप्टेंबर १८६६ मध्ये ते वारले, तेव्हा चारावर अडलेला आकडा नव्वदीच्या घरात पोहोचला होता.