डॉ. विल्यम केरी व अनोळखी अक्षरें

विल्यम केरी ह्यांचा जन्म इ. स. १७६१ च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडांतील पॉलर्सपरी नामक खेड्यांत झाला. त्यांचा बाप विणकर असून पुढें गांवच्या शाळेचा मास्तर झाला. घरची स्थिति गरिबीची असल्यामुळें सुमारें चौदाव्या वर्षीं मुलास जोडे शिवण्याचें काम शिकण्यास ठेविलें.

त्या दुकानांत नव्या करारावरील टीकेचें एक पुस्तक होतें. तें वाचीत असतां मुलास मधून मधून इंग्रजीहून अगदीं निराळीं अक्षरें दिसत; तीं त्यास वाचतां येईनात. दुसरा कोणी असता तर तेवढा भाग सोडून पुढें गेला असता. ह्यानें एकेक अक्षर जसेंच्या तसें कागदावर उतरून घेतलें व घरीं गेला तेव्हां गांवांतील टॉम जोन्स नामक विणकरास दाखविलें. हा मनुष्य पूर्वीं बरीच विद्या शिकलेला, परंतु दुर्वर्तनामुळें हलाखीस येऊन मागावर पोट भरीत असे. असल्या मनुष्यास विचारण्याची मुलास लाज वाटली नाहीं. ते शब्द ग्रीक भाषेचे होते, म्हणजे नवा करार मूळ ज्या भाषेंत लिहिला गेला तिचे. जोन्सनें त्यांचा अर्थ सांगितला आणि त्या दिवसापासून मुलगा ग्रीक शिकूं लागला. पुढें लॅटिन, इब्री, डच व फ्रेंच ह्या भाषाही त्यानें हातांतील काम संभाळून संपादन केल्या.

इ. स. १७९३ त केरी बंगाल्यांत आले व १८०० पासून श्रीरामपुरास राहिले. १८०१ त बंगाली नवा करार छापून निघाला. वैजनाथ पंडितांच्या साह्यानें मराठी शिकून त्यांनीं १८०५ त मराठी व्याकरण व १८१० त मोडी अक्षरांत मराठी कोश छापिला. १८१६ त त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं प्रभूची प्रार्थना तेहतीस देशी भाषांत देऊन शब्दांची तुलना केली. ह्या देशांतील पुष्कळ भाषांत संस्कृत शब्द सारखेच आढळतात. म्हणून मोठ्या शब्दांवरून भाषा ओळखूं पाहणारा फसतो. ती लहान प्रत्ययांवरून ओळखावी. जेथें मराठींत ‘चा’ येतो तेथें हिंदींत ‘का’, बंगालींत ‘एर’ व गुजरातींत ‘नो’ येतो.

त्यांच्या भाषांतरांत उणिवा राहिल्या व मागून आलेल्यांनीं तीं पुनः केलीं. तथापि आरंभ त्यांनीं केला. ता. ९ जून १८३४ रोजीं ते श्रीरामपुरास प्रभूमध्यें निजले.

उपदेशक बंधूंनो, आपल्या उपासनेंतही परके शब्द आहेत. ‘आमेन’ व ‘हालेलूया’ हे इब्री आहेत. ‘आब्बा’ व ‘मारानाथा’ हे अरामी आहेत. मंडळींतील एखाद्या मुलानें अशा शब्दाविषयीं विचारिलें, तर त्यास गप्प करूं नये. माहीत असेल तें सांगावें. नसेल तर शब्द लिहून घ्यावा व जाणत्यास विचारावें, मग तो जाणता मागावर बसलेला कां असेना.