दिङ्नाग

आचार्य दिङ्नाग (अन्य लेखन: दिग्नाग, अंदाजे इ.स. ४८० ते ५४०) हे बौद्ध तत्त्वज्ञ आणि भारतीय प्रमाणशास्त्राचे एक प्रमुख प्रवर्तक होते. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे होत, हा सिद्धान्त त्यांनी 'प्रमाणसमुच्चय' या ग्रंथात मांडला. शब्द, म्हणजे वेद, आगम किंवा आप्तवचन, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे पुढील कित्येक शतके नैयायिक, मीमांसक आणि जैन आचार्यांना आपल्या दर्शनाची मांडणी त्यांच्या आक्षेपांना उत्तरे देत करावी लागली.

'कुंदमाला' या संस्कृत नाटकाच्या कर्त्याचे नाव काही हस्तलिखितांत दिङ्नाग असे आढळते. तो नाटककार आणि प्रस्तुत आचार्य या भिन्न व्यक्ती मानल्या जातात.

जीवन

दिङ्नागांच्या चरित्राची बरीचशी माहिती बुतोन (१४ वे शतक) आणि तारानाथ (इ.स. १६०८) या तिबेटी इतिहासकारांच्या ग्रंथांतून मिळते. हे ग्रंथ आचार्यांच्या निधनानंतर अनुक्रमे सुमारे आठशे व हजार वर्षांनी लिहिले गेले. त्यांतील कथा इतिहास म्हणून जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत. मात्र परंपरेला दिङ्नाग कसे दिसले हे त्यांतून कळते.

या परंपरेनुसार त्यांचा जन्म दक्षिणेत कांचीजवळील सिंहवक्त्र येथे ब्राह्मण कुळात झाला. वात्सीपुत्रीय संप्रदायाच्या नागदत्त या आचार्यांकडून त्यांनी दीक्षा घेतली. हा संप्रदाय पंचस्कंधांहून भिन्नही नाही आणि अभिन्नही नाही अशा अनिर्वचनीय 'पुद्गला'चे अस्तित्व मानत असे. गुरूंनी या तत्त्वाचा शोध घेण्यास सांगितले, तेव्हा दिङ्नागांनी दिवसा सर्व खिडक्या उघडून आणि रात्री चहूबाजूंना दिवे लावून, अंगावरील वस्त्रे उतरवून स्वतःचे शरीर न्याहाळण्यास आरंभ केला. शोधूनही काही दिसत नाही, असे त्यांनी गुरूंना कळविले. नागदत्तांना यात आपल्या मताचा उपहास दिसला आणि शिष्याला मठ सोडावा लागला. कथा काल्पनिक असली तरी मार्मिक आहे. जे आहे म्हणून सांगितले जाते ते कोणत्या साधनाने कळते, हाच प्रश्न दिङ्नागांनी पुढे आयुष्यभर विचारला.

त्यानंतर ते वसुबंधूंचे शिष्य झाले असे सांगितले जाते. हे शिष्यत्व साक्षात होते की परंपरेने, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वसुबंधूंच्या नावावर असलेल्या 'वादविधि' ग्रंथातील प्रत्यक्षाच्या लक्षणाचेही दिङ्नागांनी प्रमाणसमुच्चयात खंडन केले आहे. परमतांची परीक्षा करताना त्यांनी आरंभच या लक्षणापासून केला, न्याय, वैशेषिक, सांख्य आणि मीमांसा ही दर्शने त्यानंतर घेतली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

इ.स. ६४० च्या सुमारास महाराष्ट्रात आलेल्या ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूने डोंगरातील एका भव्य विहाराचे वर्णन केले आहे. प्रवेशद्वाराशी दगडी हत्ती असलेला हा विहार म्हणजे अजिंठा, असे सामान्यतः मानले जाते. दिङ्नाग या विहारात वरचेवर वास्तव्य करीत असत, असे त्याने नोंदविले आहे. ही नोंद त्यांच्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांतील असल्याने तिबेटी कथांपेक्षा तिचे मोल अधिक आहे. तारानाथाच्या मते त्यांचे निधन ओडिशातील एका निर्जन अरण्यात झाले.

'मेघदूता'च्या पूर्वमेघातील 'दिङ्नाग' या शब्दावर टीकाकार मल्लिनाथाने श्लेष कल्पिला आणि हे आचार्य कालिदासाचे प्रतिस्पर्धी असल्याचे सुचविले. मेघदूत शिकविताना ही गोष्ट अजूनही रंगवून सांगितली जाते. तथापि त्या शब्दाचा सरळ अर्थ 'दिग्गज' असाच आहे आणि कालिदासाचा सामान्यतः मानला जाणारा काळही या कल्पनेला अनुकूल नाही.

विचार

प्रमाणसमुच्चयाचे सहा परिच्छेद आहेत: प्रत्यक्ष, स्वार्थानुमान, परार्थानुमान, दृष्टान्त, अपोह आणि जाति. दिङ्नागांच्या मते प्रत्यक्ष म्हणजे नाम, जाति इत्यादी कल्पनांचा स्पर्श न झालेले ज्ञान. त्याचा विषय केवळ स्वलक्षण, म्हणजे ती एकमेव वस्तू. सामान्य हा अनुमानाचा विषय होय. 'गाय' हा शब्द गोत्व नावाची कोणतीही वस्तू दाखवीत नाही, तो जे जे गाय नाही ते वगळतो, हाच अपोहवाद. शब्दप्रमाणाचा त्यांनी अनुमानातच अंतर्भाव केला. असे असूनही ग्रंथारंभी त्यांनी बुद्धाला प्रमाणरूप म्हणून वंदन केले आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हा त्यांच्या टीकाकारांपुढील एक कठीण प्रश्न ठरला.

तर्कशास्त्रातील त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी म्हणजे 'हेतुचक्र'. अनुमानातील हेतू सपक्षात (साध्य जेथे आहे अशा उदाहरणांत) सर्वत्र, काही ठिकाणी किंवा कोठेच नसेल. विपक्षातही याच तीन शक्यता. त्यांच्या गुणाकाराने नऊ प्रकार होतात. शब्द अनित्य आहे, कारण तो उत्पन्न होतो, हा हेतू सर्व अनित्य वस्तूंत आहे आणि नित्य वस्तूंत कोठेही नाही. म्हणून तो सद्धेतू. शब्द अनित्य आहे, कारण तो प्रयत्नाने निर्माण होतो, हा हेतू घटात आहे, विजेत नाही; परंतु नित्य वस्तूंत तो कोठेही नसल्याने तोही सद्धेतूच. नऊपैकी एवढे दोनच निर्दोष ठरतात. दोन हेतू विरुद्ध, म्हणजे इष्टाच्या उलट सिद्ध करणारे, आणि उरलेले पाच अनैकान्तिक. वादात कोण जिंकला हे पांडित्यावर किंवा राजाच्या पसंतीवर न ठरता या कोष्टकावरून कोणालाही तपासता येऊ लागले.

प्रभाव

दिङ्नागांनी वात्स्यायनाच्या न्यायभाष्यावर केलेल्या टीकेला उत्तर म्हणून उद्द्योतकराने 'न्यायवार्त्तिक' लिहिले; कुमारिलभट्टाच्या 'श्लोकवार्त्तिका'तही त्यांच्या मतांचे विस्तृत खंडन आहे. बौद्ध परंपरेत धर्मकीर्तीने 'प्रमाणवार्त्तिक' रचून त्यांचे विचार पुढे नेले. हा ग्रंथ इतका मान्यता पावला की मूळ प्रमाणसमुच्चयाचे अध्ययन मागे पडले. चीनमध्ये मात्र धर्मकीर्ती पोहोचला नाही. तेथे ह्युएनत्संगाने शंकरस्वामीच्या 'न्यायप्रवेशा'चे (इ.स. ६४७) आणि दिङ्नागांच्या 'न्यायमुखा'चे (इ.स. ६४९) भाषांतर केले, आणि चीन व जपानमधील तर्काध्ययन याच दोन ग्रंथांवर उभे राहिले.

प्रमाणसमुच्चयाचे संपूर्ण मूळ संस्कृत आज उपलब्ध नाही. दोन तिबेटी भाषांतरे आहेत, परंतु अनेक ठिकाणी ती परस्परांशी जुळत नाहीत. त्यामुळे प्रतिपक्षीयांनी खंडनासाठी उद्धृत केलेली त्यांची वाक्ये हाच मूळ संस्कृताचा मोठा आधार राहिला. जैन मुनी जंबूविजय यांनी इ.स. १९६१ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झालेल्या वैशेषिकसूत्राच्या आवृत्तीत तिबेटीवरून काही भागांची संस्कृत पुनर्रचना दिली. जिनेंद्रबुद्धीच्या 'विशालामलवती' टीकेचे संस्कृत हस्तलिखित तिबेटमध्ये आढळले. तिच्या पहिल्या परिच्छेदाची चिकित्सक आवृत्ती इ.स. २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या आधारे दिङ्नागांच्या अनेक कारिका पुन्हा संस्कृतात वाचता येऊ लागल्या.